देणगीची पाटी आणि देणगीची अट

(जिल्ह्यातल्या महिला गटांच्या रत्नागिरीत भरलेल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आपल्या बैठकांत पैशाचा विषय नेहमी शेवटी निघतो. चहा झालेला असतो, निम्म्या जणी पिशव्या आवरून एस.टी. गाठायला उठलेल्या असतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'अगं, ते वर्गणीचं राहिलंच की!' आज हा विषय मुद्दाम जेवणाआधी घेतला आहे. कारण आपल्यापुढे एक प्रस्ताव आलेला आहे आणि त्यावर आज काहीतरी ठरवावं लागणार आहे.

प्रस्ताव असा आहे. आपल्याच जिल्ह्यातून मुंबईला गेलेले एक गृहस्थ आहेत. चाकरमानी म्हणून गेले, पुढे स्वतःचा धंदा उभा केला. त्यांना आपल्या आईच्या नावाने विद्यापीठाकडे दहा लाख रुपये ठेवायचे आहेत. मुद्दल तसंच राहायचं आणि दरवर्षीच्या व्याजातून रत्नागिरी जिल्ह्यातल्या, पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती द्यायची. विद्यापीठं याला एन्डाउमेंट म्हणतात, आपण कायम निधी म्हणू. मुलींची नावं सुचवायला आपल्या गटांनी मदत करावी अशी त्यांची इच्छा आहे. दानपत्राचा मसुदाही त्यांनी पाठवला आहे. चार पानांचा आहे. तीन पानांत आईचं नाव कुठे कुठे, कोणत्या अक्षरांत लागावं हे आहे. चौथ्या पानावर अटी आहेत आणि त्यातली दुसरी अट अशी: 'विद्यार्थिनी अविवाहित व सुशील असावी.'

हे वाचल्यावर दोन गटांनी लगेच कळवलं की नकोच ती देणगी. तिसऱ्या गटाने कळवलं की पैसे येतायत तर घ्या, अटींचं नंतर बघू. मला दोन्ही मतं पटलेली नाहीत. का, ते सांगायला मी उभी आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, पण फार लांब नाही. आपल्याच देवरुख, दापोली, खेडपर्यंत.

एस.एन.डी.टी. हे नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इथल्याही काही जणी त्या विद्यापीठात शिकल्यात. पण ही चार इंग्रजी अक्षरं म्हणजे एका बाईचं नाव आहे, हे किती जणींच्या लक्षात असतं? श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग नवऱ्याच्या घराण्याचं. आणि आता नुसती आद्याक्षरं. म्हणजे मुलाने आईचं नाव अजरामर करायला पंधरा लाख रुपये दिले आणि वापरणाऱ्यांनी ते नाव एवढं आखडलं की त्यातली बाईच दिसेनाशी झाली! नावाच्या पाटीचं आयुष्य हे असं असतं.

या विद्यापीठाची मुळं आपल्या जिल्ह्यातली. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, लहानपण दापोली तालुक्यातल्या मुरुडला गेलं. तरुणपणी त्यांनी मित्रांना घेऊन 'मुरुड फंड' काढला. बाहेर नोकरीला गेलेल्या मुरुडकरांनी मिळकतीतला ठरावीक हिस्सा गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा, अशी ती कल्पना. आजच्या आपल्या चाकरमान्यांच्या मंडळांचा हा पूर्वजच म्हणायचा. पुढे १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावाला फंड चालतो, फंड काढणाऱ्याची विधवा बायको चालत नाही.

ही गोदूबाई म्हणजे बाया कर्वे. देवरुखच्या जोश्यांच्या घरातली, आठव्या वर्षी विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी ती एक. तिची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरात एक मुलगा. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला, आणि त्या आश्रमासाठी पार्वतीबाई गावोगाव फिरल्या. आधी केशवपन केलेल्या, लाल लुगड्यातल्या बाईने सभेत उभं राहून बोलायचं, दारोदार वर्गणी मागायची, लोकांची बोलणी खायची. १९१२ साली त्यांनी केशवपन सोडलं, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं होतं, आश्रमासाठी पैसे गोळा करायचे होते. तिथे लोकांच्या घरची धुणीभांडी, झाडलोट अशी कामं करून राहिल्या. हे सगळं त्यांनी 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहून ठेवलंय. देवरुखच्या आपल्या गटातल्या कितीजणींनी ते वाचलंय, हात वर करा बघू... असो. वाचनालयातून मिळवा.

आता विद्यापीठाकडे येते. जपानमध्ये बायकांचं विद्यापीठ चालतं अशी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या वर्षी कॉलेजात मुली किती? पाच. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही. शिक्षण मातृभाषेतून. पैसा कुठून आणायचा? वर्गणीतून. पाच रुपये, दहा रुपये, कुणी त्याहून कमी. कर्वे झोळी घेऊन हिंडत होते. त्यांनी आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली होती. अण्णांच्या चरित्रात हा प्रसंग त्यागाचा म्हणून सांगतात. तो आहेच. पण ती पॉलिसी ज्या बायकोच्या आणि पोरांच्या म्हातारपणाची आणि शिक्षणाची तरतूद होती, ती बायको त्या वेळी काय म्हणाली तेही विचारायला पाहिजे. बाया चिडली होती. मला तिचं चिडणं अगदी कळतं. देणगी देणाऱ्याच्या घरात आणखी एक देणारी असते, तिचं नाव पावतीवर येत नाही.

आणि मग १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी आले. मुंबईचे गिरणीमालक. बायकोबरोबर जपानला जाऊन तिथलं महिला विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले. १९२० सालचे पंधरा लाख! पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या संस्थेच्या डोळ्यांपुढे काय झालं असेल, विचार करा. पण ते पंधरा लाख कर्व्यांच्या हातात रोख ठेवलेले नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्या. साडेतीन टक्के व्याजाचे सरकारी रोखे होते. त्यांचं व्याज, वर्षाला ५२,५०० रुपये, विद्यापीठाला मिळायचं. आणि अटी होत्या. आईचं नाव विद्यापीठाला द्यायचं. मुख्य ठाणं पुढेमागे मुंबईला न्यायचं. त्याप्रमाणे नाव बदललं आणि १९३६ साली कारभार मुंबईला गेला.

सर विठ्ठलदास त्यानंतर थोड्याच वर्षांत वारले. देणारा गेला की कागद उरतो. त्यांच्या पश्चात इस्टेटीचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले, वर्षाची रक्कम अडली, आणि शेवटी तडजोड होऊन मार्ग निघाला. त्या अडलेल्या दिवसांत विद्यापीठ कशावर तगलं? पुन्हा वर्गणीवरच. कर्वे तर त्याआधीच, सत्तरी उलटल्यावर, युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका असे पैसे जमवत फिरून आले होते. मोठ्या देणगीने संस्था उभी राहते हे खरंच आहे. पण मोठी देणगी अडली की लहान देणग्याच संस्थेला धरून ठेवतात, हेही तेवढंच खरं आहे. आणि पाटीवर फक्त पहिलीचं नाव असतं.

आणखी एक गोष्ट. ती बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पंधरा लाख आले कुठून? मुंबईच्या कापड गिरण्यांतून. त्या गिरण्यांत राबणारं माणूस कुठलं होतं? फार मोठ्या संख्येने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. आपले आजे-पणजे साच्यावर उभे होते, कितीतरी बायका वाइंडिंग खात्यात होत्या. ज्या १९२० साली ही देणगी जाहीर झाली, त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पगार पुरत नव्हता म्हणून. मी असं म्हणत नाही की सर विठ्ठलदासांनी देणगी द्यायला नको होती. दिली हे फार चांगलं केलं, त्यांच्या बरोबरीच्या कित्येकांनी काही दिलं नाही. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंनी तर पुढे त्या विद्यापीठाचं काम आयुष्यभर केलं, विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाल्यावर १९५१ साली त्याच पहिल्या कुलगुरू झाल्या. माझं म्हणणं एवढंच, की अशी देणगी घेताना आपण कुणाच्या उपकाराखाली वाकायचं कारण नाही. त्या पैशात आपलाही घाम आहे. गावाकडून गेलेला पैसा फिरून गावाकडे येतोय.

'कुणाचं नाव' यावर आपण फार भांडतो. तेव्हा एक दाखला देते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सगळ्यांनी पाहिलाय, निदान चित्रात. प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या तेजीतले मोठे व्यापारी. त्यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव दिलं. मनोरा १८७८ साली पुरा झाला. आणि मुंबई विद्यापीठाने बायकांना परीक्षेला बसायची मुभा दिली १८८३ साली! म्हणजे पाच वर्षं एका बाईच्या नावाचं घड्याळ विद्यापीठाच्या डोक्यावर टोले देत होतं आणि खाली एकाही बाईला आत घेत नव्हते. बाईचं नाव चालत होतं, बाई चालत नव्हती.

आत घेतल्यावरही काय झालं बघा. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली, वरच्या वर्गात पास झाली. विलायतेला जाऊन शिकायची एक सरकारी शिष्यवृत्ती होती, तिचे गुण त्या लायकीचे होते. पण ती शिष्यवृत्ती पुरुषाला द्यायची होती. बाई पहिली येईल हे नियम लिहिणाराच्या मनातच आलं नव्हतं. शेवटी इंग्लंडमधल्या काही बायकांनी आपापसात वर्गणी काढली आणि १८८९ साली तिला ऑक्सफर्डला नेलं. हिंगण्यासारखंच, एका ओळीने जे अडवलं ते बायकांच्या वर्गणीने सोडवलं.

ही एक ओळ उलटीही फिरवता येते. अमेरिकेत बॉल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला मेडिकल कॉलेज काढायचं होतं आणि पैसे संपले होते. तिथल्या बायकांनी समिती केली, गावोगाव निधी गोळा केला आणि सांगितलं, पैसे देतो, पण कॉलेजात बायकांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश मिळाला पाहिजे. त्यांच्यातल्याच मेरी गॅरेट या श्रीमंत बाईने १८९२ च्या शेवटी तीन लाखांहून जास्त डॉलर घालून रक्कम पुरी केली आणि अट कागदावर पक्की करून घेतली. विश्वस्तांना ती आवडली नव्हती. पण पैसा हवा होता. १८९३ साली कॉलेज उघडलं तेव्हा पहिल्या वर्गात तीन बायका होत्या. मेरी गॅरेटने स्वतःचं नाव कॉलेजला द्या असा हट्ट धरला नाही. दाराची कडी काढून घेतली.

याच्या उलट हार्वर्डची गोष्ट. १६४३ साली अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्लंडमधल्या बाईने हार्वर्डला शंभर पौंड दिले, गरीब विद्यार्थ्याच्या खर्चासाठी. तिथली ती पहिली शिष्यवृत्ती. घेणारे सगळे मुलगे, कारण बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. अडीचशे वर्षांनी, १८९४ साली, हार्वर्डच्या शेजारी मुलींसाठी वेगळं कॉलेज उभं राहिलं तेव्हा त्याला तिचं नाव दिलं. पैसा बाईचा होता. पण 'मुलींना' हा शब्द दानपत्रात नव्हता, आणि त्या काळी तो लिहिता आलाही नसता.

तर मैत्रिणींनो, आता आपल्या चार पानांच्या मसुद्याकडे वळू. पहिल्या तीन पानांवर भांडू नका. आईचं नाव मोठं लागू दे, संगमरवरात लागू दे. फक्त त्यांना एक विनंती करू, की आईचं स्वतःचं नाव आधी आणि पूर्ण लिहा, आद्याक्षरं नकोत. चौथ्या पानावर मात्र ओळ न ओळ बघू.

'अविवाहित व सुशील.' आपल्याकडे मदत मागायला कोण येतं? गेल्या वर्षी माझ्याकडे सत्तावीस वर्षांची एक परित्यक्ता आली. नवऱ्याने टाकलेली, चार वर्षांचा मुलगा, माहेरी भावजयीच्या हाताखाली. आंब्याच्या दिवसांत कॅनिंगला जाते, एरवी मिळेल ते काम. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाली आणि आता तिला बी.ए. करायचंय. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आम्ही भरला. 'वैवाहिक स्थिती' या रकान्याशी ती पेन घेऊन थांबली. लग्न झालंय असं लिहिलं तर अर्ज बाद. नाही लिहिलं तर खोटं. सुटका झालीय लिहावं तर कोर्टाचा कागद नाही. शेवटी अर्ज गेलाच नाही. आपल्या नव्या दानपत्रातही ती बसत नाही. आणि बाया कर्वे बसत नाही, पार्वतीबाई आठवले बसत नाहीत. ज्या बायकांमुळे महाराष्ट्रात बाईच्या शिक्षणाचा एवढा मोठा खटाटोप झाला, त्यातली एकही या ओळीतून आत येत नाही.

'सुशील' तर आणखी गमतीचा शब्द. तो कोण ठरवणार? गावचे सरपंच? कॉलेजचे प्राचार्य? मला एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला एक शिष्यवृत्ती मिळाली होती, देणाऱ्या ट्रस्टचं नाव सांगत नाही. तिच्या अर्जाबरोबर चारित्र्याचा दाखला लागत होता आणि तो घरमालकाकडूनही आणायचा होता. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने घरमालक कुठून आणायचा? शिवाय चेक घेताना स्टेजवर देणगीदारांच्या घरातल्या सगळ्यांना ओळीने वाकून नमस्कार करायला लावला. बरोबरच्या मुलांना नुसतं हस्तांदोलन. पैसे मिळाले, माझं वर्ष पार पडलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण त्या ओळीत उभं राहिल्याची जी भावना होती तीही मी विसरलेले नाही.

तिसरी अट आहे, 'परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारी'. ऐकायला चांगली वाटते. मला विचाराल तर ही सगळ्यात घातक. सर्वाधिक गुण कुणाला मिळतात? जिला क्लास लावता येतो, जिच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे, जिला पाणी भरायला आणि भावंडं सांभाळायला लागत नाही. तिचं कौतुक जरूर करा, त्यासाठी पदक ठेवा. पण शिष्यवृत्ती तिच्या शिक्षणाला नसली तरी तिचं शिक्षण होणारच आहे. आपल्याला हवी आहे ती पन्नास टक्के मिळवून शिक्षण सोडणारी.

ती का सोडते हे आपल्याला माहीत आहे. फी हे एकच कारण नसतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांना ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरच्या मुलींना शासनाने जुलै २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे. हे सगळं चांगलंच आहे आणि ते मिळवायला बायकांना झगडावं लागलं. पण मंडणगडच्या आतल्या वाडीतली मुलगी रत्नागिरीला रोज येऊ शकत नाही, अर्धं काय, पूर्ण तिकीट माफ केलंत तरी. तिला राहायला खोली लागते, मेस लागते, आणि तालुक्याच्या गावी जाणाऱ्या मुलीचीही शेवटची गाडी चुकली तर रात्र काढायला जागा लागते. घरचे म्हणतात, 'राहूदे, लग्न करून टाकू.' तेव्हा शिष्यवृत्तीच्या पैशातून काय काय भागवता येईल हे मसुद्यात स्पष्ट लिहिलं पाहिजे: खोलीभाडं, जेवण, प्रवास, मूल असेल तर पाळणाघर. नुसतं 'शैक्षणिक खर्च' लिहिलं की हिशेबनीस पुस्तकांच्या पावत्या मागतो.

आता थोडं गणित. कंटाळू नका, आपण बचतगटाचे हिशेब करणाऱ्या बायका आहोत. दहा लाख, सात टक्के व्याज धरलं, वर्षाला सत्तर हजार. दहा-दहा हजारांच्या सात शिष्यवृत्त्या. छान. पण महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. मुद्दल तेच, व्याज तेच. म्हणजे आज ज्या पैशात मुलगी वर्षातले काही महिने राहू शकते, त्यात बारा वर्षांनी त्याच्या निम्मे महिने राहील. पन्नास वर्षांनी त्या पैशात एक वही येईल. ही कल्पना नाही. कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या बक्षीस समारंभांत अजून एकावन्न रुपयांची बक्षिसं दिली जातात. ज्याने ठेवली त्याने त्या काळी त्यासाठी महिन्याचा पगार मोजला असेल. आज त्या पाकिटाकडे बघून मुली हसतात. म्हणून मसुद्यात एक कलम घालायचं: व्याजातला पाव हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत जाईल. सत्तर हजारांतले साडेसतरा हजार मुद्दलात, उरलेले ५२,५०० वाटायचे. हा आकडा पाहून मी दचकलेच, ठाकरसींच्या देणगीचं वर्षाचं व्याजही एवढंच होतं! तेव्हा त्यात अख्खं विद्यापीठ उभं होतं. आज पाच मुलींच्या खोल्यांचं वर्षाचं भाडंसुद्धा पुरं निघायचं नाही. महागाई काय करते ते यापेक्षा चांगलं कोण सांगणार!

आणि अटी पुढे बदलायची सोय आत्ताच लिहून ठेवायची. विद्यापीठ आणि देणगीदार यांच्यातला कागद एकदा पक्का झाला की तो बदलणं सोपं नसतं. सार्वजनिक न्यासाच्या बाबतीत आपल्याकडे १९५० च्या कायद्याने धर्मादाय आयुक्त आणि कोर्टामार्फत हेतू बदलून घेता येतो, पण त्यात वर्षं जातात, आणि तोवर मुलगी आजी होते. त्यापेक्षा 'दर दहा वर्षांनी निवड समिती अटींचा फेरविचार करील, मात्र लाभ स्त्रियांनाच मिळेल' अशी एक ओळ घातली तर पुढच्या बायकांचे हात मोकळे राहतील. समितीत निम्म्या तरी जणी जिल्ह्यातल्या काम करणाऱ्या बायका असाव्यात, हेही लिहून घ्यायचं.

काही मैत्रिणींचा मूळ आक्षेप वेगळा आहे. त्या म्हणतात, शिक्षण ही सरकारची जबाबदारी. असे निधी घ्यायला लागलो की सरकार हात झटकतं, विद्यापीठं देणगीदारांच्या दारात उभी राहतात, आणि उद्या पैसेवाला सांगेल तो अभ्यासक्रम चालेल. हा आक्षेप मला मान्य आहे. सरकारी वसतिगृहांसाठी आपला मोर्चा चालूच राहील, निवेदनाची तारीख ठरलेली आहे. पण मोर्चा यशस्वी होईपर्यंत ती सत्तावीस वर्षांची बाई एकतीस वर्षांची होईल. मला दोन्ही हवं आहे. शिवाय नाव मिळायला पैसाच लागतो असंही नाही. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. त्यांनी कुणाकडे ठेव ठेवली नव्हती.

आता त्या गृहस्थांबद्दल. मी त्यांच्याशी फोनवर बोलले. त्यांना वाईट वाटू नये असं जपून बोलले, पण सरळ बोलले. विचारलं, 'दादा, तुमच्या आई किती शिकल्या होत्या?' म्हणाले, 'दुसरी. पंधराव्या वर्षी लग्न झालं. मी सहा वर्षांचा असताना वडील गेले. तिने लोकांच्या शेतावर मजुरी करून मला मॅट्रिक केलं.' मी म्हटलं, 'त्यांना तेव्हा शिकायचं असतं, आणि तुमची ही शिष्यवृत्ती तेव्हा असती, तर त्यांना मिळाली असती का?' बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाले, 'ती ओळ वकिलाने घातलीय. सगळीकडे असतेच म्हणाला.' आणि थोड्या वेळाने, 'तुम्ही तिकडून काय ते लिहून पाठवा, ताई. मी बघतो.'

ते 'बघतो' म्हणाले आहेत, 'हो' म्हणालेले नाहीत. म्हणून आपला मसुदा आज तयार झाला पाहिजे. प्रती मागच्या टेबलावर आहेत, प्रत्येक गटाने एक घ्या. दुसरी अट खोडून तिथे 'विवाहित, अविवाहित, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित अशी कोणतीही स्त्री, वयाची अट नाही' असं लिहिलंय. गुणांच्या अटीऐवजी 'शिक्षण सुटण्याची शक्यता असलेली' असं लिहिलंय, हे कसं ठरवायचं यावर दापोलीच्या गटाने काही सुचवलं आहे, ते वाचा. राजापूरच्या मैत्रिणींचं म्हणणं आहे की पाव हिस्सा मुद्दलात टाकण्याऐवजी आपणही दरवर्षी प्रत्येक गटामागे पाचशे रुपये मुद्दलात भरावेत. म्हणजे अख्खं व्याज मुलींना वाटता येईल, आणि समितीत बसायचा आपला हक्क नुसता विनंतीचा राहणार नाही. मला ते आवडलंय, पण लांज्याच्या दोन गटांना पाचशे जड जातील. त्यावर जेवण झाल्यावर बोलू. पंक्तीला आधी लांबच्या गाड्यांच्या बायकांना बसवा, मंडणगडची एस.टी. अडीचला आहे.